धुरपदाअक्काची मूठ

पिंप्राळ्यातल्या त्या गल्लीला उन्हाळा लागल्याचं कॅलेंडर सांगत नाही. होळी सरते, गच्च्यांवर बाजा चढतात, ठेवणीतली जुनी धोतरं धुऊन दोरीवर पडतात, तेव्हा समजायचं की बिबड्यांचे दिवस आले. आणि बिबड्यांचे दिवस आले म्हणजे भल्या पहाटे कुणीतरी धुरपदाबाईंच्या फाटकाची कडी वाजवणार आणि म्हणणार, "अक्का, चालतस ना? आधण उनं." म्हणजे पाणी उकळलं, आता निघा.

बिबडे ज्याने खाल्ले नाहीत त्याच्याबद्दल हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही, पण ते होतात कसे एवढं सांगता येईल. ज्वारी भिजवायची, सुकवायची, भरडून आणायची, ती भरड पुन्हा भिजत घालायची. पहाटे मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची आणि मीठ. मग भरड सोडून दोघीतिघींनी आळीपाळीने लाकडी दांड्याने घोटत राहायचं. ती शिजून आली की तिला घाटा म्हणतात. त्याचे गोळे ओल्या धोतरावर हाताने पातळ थापायचे आणि उन्हात कडक वाळू द्यायचे. मग वर्षभर तळा, भाजा, नाहीतर खिचडीवर कुस्करा. ह्यात बाकी काहीही चुकलं तरी निभावून नेता येतं. मीठ चुकलं की वर्ष हातचं गेलं.

आणि मीठच नेमकं फसवं. घाटा ओला असतो. ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मीठ आहे तिथेच बसून राहतं. म्हणून गरम घाटा जिभेला जरा अळणीच लागला पाहिजे. किती अळणी, हे गल्लीत एकाच बाईला ठाऊक होतं. खरं तर बाईलाही नाही, तिच्या उजव्या मुठीला. पायलीभर ज्वारीला तीन मुठी, आधणात. आणि घाटा शिजून त्याने वाफ धरली, पातेलं उतरवायची वेळ झाली, की वरून एक चिमूट. ही चिमूट कशासाठी असं कुणी विचारलंच तर अक्का म्हणायची, माझी आई टाकायची. आईला कुणी विचारलं नव्हतं.

धुरपदाबाईंचं माहेर धुळ्याकडचं. लग्न होऊन ती पिंप्राळ्यात आली तेव्हा घराच्या मागच्या दाराशी कपाशीचं शेत लागायचं, आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांची रांग आहे. नवरा तरुणपणीच गेला. चार घरचे पापड, कुरडया, बिबडे करून तिने हितेंद्रला शिकवलं. तो आता चटईच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो आणि आईला दर दिवाळीला दोन लुगडी आणतो, त्यातलं एक तिला कधीच आवडत नाही. तिला तसं सहसा काहीच आवडत नाही. गल्लीत कुणी नवा सोफा आणला तर ती बसून बघते आणि उठताना सांगते की जुना बरा होता.

तरी तिच्याशिवाय गल्लीचं पान हलत नसे, निदान त्या महिना-दीड महिन्यात. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. नवरीला हळद लावताना ती आपली आपण मागे सरून उभी राहते, कुणी सांगावं लागत नाही. पण मिठाला मात्र पहिली हाक तिला. तिच्या आधी पातेल्यात कुणी हात घालायचा नाही. आणि बिबडे वाळले की तळणीतला पहिला घाणा ताटलीत घालून, वर रुमाल झाकून, तिच्या घरी पोचता करायचा, मग बाकीच्यांनी तोंडात टाकायचं. हा नेम कुणी घालून दिला हेही कुणाला आठवत नाही. अक्काला त्या ताटलीचं काही वाटत नाही असं ती दाखवायची. मात्र त्या दिवसांत दुपारची ती झोपायची नाही, दारातल्या ओट्यावर बसून राहायची.

घरात सून मेघा. तीही धुळ्याची, पण शहरात वाढलेली, आणि घरी केक करून विकणारी. गल्लीतला एकही वाढदिवस आता तिच्या केकशिवाय होत नाही. तिच्या ओट्यावर छोटा डिजिटल काटा असतो आणि प्लास्टिकच्या कपांचा एक जुडगा असतो. सुरुवातीला सासूला ह्या सरंजामाची फार मौज वाटायची. मेघाने एकदा तिला दाखवलं, एक कप मैदा म्हणजे एवढे ग्रॅम, आणि तोच कप साखरेने भरला तर वजन दीडपटीच्या पुढे जातं. मैदा दाबून भरला तर आणखी तिसराच आकडा. म्हणून मी कपावर नाही, काट्यावर भरवसा ठेवते, मेघा म्हणाली. अक्काने कप हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "तुना कप खोटा शे." मग तिनेच पुढे सांगितलं की शेरभर मुरमुरे आणि शेरभर डाळ सारखी भरत नाहीत हे कळायला काटा कशाला हवा, आत काय आहे ते डोळ्यांनी बघितलं की झालं. मेघा हसली आणि तिने केक ओव्हनमध्ये ठेवला. दोघींचं एकमेकींशी असंच चालायचं, आणि बरं चालायचं.

पौषात अक्का अंगण धुताना घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर बसलं, निघालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश झाले. अक्का खूश नव्हती, पण ती कधीच नसते म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. खरी गोष्ट अशी होती की तिची मूठ मिटत नव्हती. अंगठा आणि तर्जनी जुळायची, बाकीची तीन बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. डॉक्टरांनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. ती तो दाबायची, आणि कुणाची चाहूल लागली की पदराखाली घालायची. होळी जवळ येत होती. भाकरी येत नाही, वेणी येत नाही, ह्याचं तिला एवढं वाटत नव्हतं; ते मेघा करून देत होती. रात्रंदिवस डोक्यात एकच होतं, मुठीचं कुणाला कळलं तर फाटकाची कडी वाजेल का.

पहिली कडी रत्नाने वाजवली. रत्ना समोरच्या घरातली, पन्नाशीला टेकलेली, नशिराबादला तिची थोडी शेती. तिची मयुरी हिवाळ्यात लग्न होऊन धुळ्याला गेली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोर माहेरी येणार, झोका खेळणार, आणि परत जाताना तिच्याबरोबर सासरी बिबड्यांचा डबा जाणार. लेकीच्या सासरी जाणारा पहिला डबा म्हणजे काय असतं ते खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या डब्यावरून आईची परीक्षा होते, आणि निकाल पुढे कित्येक वर्षं ऐकावा लागतो.

अंगणात चूल पेटली होती, आधण खळखळत होतं, बायका धोतरं पिळत होत्या. रत्नाने मिठाचं भांडं पुढे केलं. अक्काने पदर खोचला आणि उजवा हात भांड्यात घातला. उजेड नुसता चुलीचा होता, त्यामुळे बोटं किती मिटली ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. तिने हात वर काढला आणि तिला जाणवलं, बोटांच्या फटीतून मीठ झिरपतंय. ती घाईने हात पातेल्यावर नेऊन मोकळी झाली. दुसऱ्या मुठीला तसंच, तिसऱ्या मुठीला तसंच. एरवी तिच्या मुठीतून एक खडा सांडायचा नाही. सांडलं त्यापोटी तिने चौथी मूठ टाकली, आणि मूठ अर्धीच मिटते म्हणून पाचवी. सगळा वेळ तिचं लक्ष त्या तीन बोटांवर होतं. शेवटची चिमूट तेवढी नेहमीसारखी पडली.

घाटा उतरला. बायकांनी गरम घाट्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल ओतून वाट्या भरभरून खाल्ला, हा त्या पहाटेचा खरा मेवा. सगळ्या म्हणाल्या, अक्का, काय चव आलीय. अक्कानेही खाल्ला. चव खरंच अगदी बरोबर लागली आणि तिच्या जिवावरचं ओझं उतरलं. घरी येऊन तिने आंघोळ केली, चहाचा पहिला घोट घेतला, आणि कप तसाच खाली ठेवला. घाटा बरोबर लागला होता. तो अळणी लागायला हवा होता.

पुढचे दोन दिवस ऊन कडक पडलं. समोरच्या गच्चीवर बिबडे वाळले, उलटले, पुन्हा वाळले. तिसऱ्या दिवशी दुपारी रत्नाच्या स्वयंपाकघरातून तळणीचा वास आला. अक्का ओट्यावर बसली. वास बराच वेळ आला, मग थांबला. ताटली आली नाही. संध्याकाळी रत्ना झाडू घेऊन बाहेर आली, इकडे न बघता अंगण झाडून आत गेली. अक्का दिवेलागणीपर्यंत बसली होती. मेघाने विचारलं तेव्हा म्हणाली, आत उकडतं.

आठवड्याने शेजारच्या भिकुबाईंच्या अंगणात पहाटे भांड्यांचा आवाज झाला. अक्का जागीच होती. उठून तिने केस बांधले, पदर खोचला आणि फाटकाच्या आत उभी राहिली. भिंतीपलीकडे वाफ वर चढताना दिसत होती. मग दांड्याने घोटल्याचा आवाज आला, म्हणजे मीठ पडून गेलं होतं. ती आत येऊन अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन बसली. दुपारी भिकुबाई स्वतःच आल्या आणि सांगून गेल्या की अक्का, तुमचा हात दुखतो, म्हणून उगाच उठवलं नाही. चांगल्या मनाने म्हणाल्या, आणि म्हणूनच ते फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर अक्काला चार उलट देता आल्या असत्या. तिने मान हलवली, बरं केलं म्हणाली, आणि त्या गेल्यावर पदर तोंडाला लावून रडली.

मेघाने ते पाहिलं. तिला आधी वाटलं हात दुखतोय. मग तिने जवळ बसून विचारत राहून सगळं काढून घेतलं. मूठ, चेंडू, झिरपणारं मीठ, न आलेली ताटली. सगळं ऐकल्यावर धीराचे दोन शब्द सांगावेत तर तिने उठून काटा आणला आणि सासूसमोर फरशीवर ठेवला. तुमच्या मुठीचं वजन करू, म्हणाली. एकदा वजन कळलं की त्या वजनाची वाटी शोधता येईल. मग मूठ मिटो न मिटो.

अक्का म्हणाली, मूठच नाही तर वजन कशाचं करशील. मेघा म्हणाली, डावी आहे की.

इतके दिवस अक्काच्या, किंवा गल्लीत कुणाच्याही, डोक्यात डावा हात आला नव्हता. येणारच नव्हता. डाव्या हाताने मीठ वाढत नाहीत, देत नाहीत, घेत नाहीत. अक्काने सुनेकडे असं पाहिलं की जणू ती चपला घालून देवघरात शिरली होती.

"डावा हात मिठमा घालू मी?"

मेघाने सांगितलं की हे मीठ खायचं नाहीच, ह्याने तांब्याची भांडी घासू. भांडी घासायला डावा हात चालतो का, ह्यावर अक्काने थोडा विचार केला आणि चालतो असं ठरवलं. मग तिने बरणी पुढे ओढली. अक्काच्या बरणीत कायम जाडं मीठ, गहू-ज्वारीएवढे खडे असलेलं. बारीक मीठ ती मेघाच्या केकचं मीठ म्हणायची. डाव्या हाताला सवय नव्हती, पहिल्या दोन मुठी वेड्यावाकड्या आल्या. मग तिने डोळे मिटले, उजव्या हाताने कसं करायची ते आठवलं, आणि मूठ भरली. काट्यावर बेचाळीस आले. पुन्हा भरली, एक्केचाळीस. पुन्हा भरली, बेचाळीस. हितेंद्र कामावरून आला होता, तोही डबा हातात धरून बघत उभा राहिला. आईची मूठ मशिनीपेक्षा बरी चालते, असं तो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी अक्काच्या तोंडावर हसू फुटलं.

आता उजव्याने भरा, मेघा म्हणाली, म्हणजे तूट किती ते कळेल. अक्काला नको होतं. मेघा हटली नाही. शेवटी तिने तो अर्धा मिटणारा हात बरणीत घातला, वर काढला, आणि तसाच हवेत धरून बघत राहिली. मेघाला वाटलं दुखलं. अक्का काट्याकडे बघत नव्हती, बोटांच्या खाली फरशीकडे बघत होती. फरशी कोरडी, स्वच्छ होती.

"मेघा," ती हळूच म्हणाली, "सांडनं नही."

जाड्या मिठाचे खडे त्या बोटांच्या फटीतून पडण्यासारखे नव्हतेच. हात तोच होता, मग रत्नाच्या घरी झिरपलं ते काय होतं? मेघाने केकच्या मिठाचा डबा उघडून पुढे केला. अक्काने त्यात हात घातला आणि बाहेर काढला, आणि फरशीवर पांढरी बारीक धार लागली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मेघाने मग एक स्टीलची वाटी घेतली, जाड्या मिठाने काठोकाठ भरून, वर बोट फिरवून काट्यावर ठेवली. एकशे सव्वीस, म्हणजे बरोबर तीन मुठी. तीच वाटी बारीक मिठाने भरली तर आकडा दीडशेच्या पुढे गेला. बारीक मीठ फटी सोडत नाही, दाटून बसतं. त्यात अक्काने तीनच्या पाच मुठी केलेल्या. आता रत्नाचे बिबडे कसे झाले असतील ते सांगायला तळण्याची गरज नव्हती.

अक्का तशीच उठली, पायांत चपलाही न घालता रस्ता ओलांडून रत्नाच्या दारात गेली, मेघा वाटी घेऊन मागे. रत्ना कणीक मळत होती. अक्काला बघून तिचा चेहरा पडला आणि ती उगाचच कणकेत पाणी घालत राहिली. अक्का उंबऱ्याशी बसली आणि तिने सरळ सांगून टाकलं.

"मी मीठ दखंच नही, रत्ना. मना हातले दखत राहिनू."

मग तिने आपला हात पुढे करून दाखवला, कसा मिटतो आणि कुठे अडतो. गल्लीतल्या कुणालाही तिने तो आजवर दाखवला नव्हता. रत्ना कणकेचे हात तसेच घेऊन तिच्याशेजारी बसली आणि रडायलाच लागली. रडण्याचं कारण वेगळंच निघालं. एवढे दिवस ती लाजेने तोंड लपवत होती, कारण तिला वाटत होतं की चूक तिचीच आहे. "व्याहीस्ना घर जाई म्हनीसन चांगलं मीठ आनं मी," ती म्हणाली. नेहमीचं जाडं मीठ जरा काळपट दिसतं, धुळ्याच्या विहीणबाई काय म्हणतील, म्हणून दुकानातून पुड्यातलं पांढरंशुभ्र मीठ आणलं होतं. बिबडे खारट झाल्यावर मनात आलं, अक्काला सांगावं तर आपणच तिला न विचारता मीठ बदललं, आणि न सांगावं तर असल्या बिबड्यांची ताटली कुठल्या तोंडाने पाठवावी. म्हणून ताटली आली नव्हती. दोघी समोरासमोरच्या घरांत बसून आठवडाभर एकमेकींच्या नावाने शरमत होत्या, आणि गल्ली म्हणत होती की अक्काचा हात दुखतो.

मेघा मध्ये वाटी घेऊन उभी होती. तिला हसू आवरेना. ती हसली म्हणून रत्ना हसली, आणि अक्काने दोघींना वेड्या म्हणून घेतलं.

खारट बिबड्यांचं काय करायचं हा प्रश्न भिकुबाईंनी सोडवला, तोही न कळत. मिठाची धास्ती घेऊन त्यांनी इतकं कमी मीठ घातलं होतं की त्यांचे बिबडे पुठ्ठ्यासारखे अळणी झाले होते, आणि त्या ते कपाटात लपवून बसल्या होत्या. रत्नाचा एक आणि भिकुबाईंचा एक, दोन्ही एकत्र कुस्करले की झकास लागत होते. त्या रविवारी गच्चीवर खिचडीचं मोठं पातेलं चढलं, गल्ली सगळी जमली, आणि जो तो एका हातात खारट नि दुसऱ्या हातात अळणी बिबडा घेऊन कुस्करत बसला. हितेंद्र म्हणाला की पुढच्या वर्षीही असेच करा. त्याला कुणी दुसऱ्यांदा वाढलं नाही.

पण धुळ्याला असा जोडीचा डबा पाठवता येत नव्हता. आखाजी पंधरा दिवसांवर आली होती. रत्नाने नशिराबादहून पुन्हा ज्वारी आणली आणि पुन्हा भिजत घातली. दरम्यान मेघाकडे बायकांची रांग लागली. जिला तिला अक्काच्या मुठीची वाटी हवी होती. मेघा प्रत्येकीच्या घरची वाटी काट्यावर घालून, जाड्या मिठाला कुठवर आणि बारीक मिठाला कुठवर, अशा नेलपॉलिशच्या दोन रेघा आतून मारून देत होती, जाड्याला लाल नि बारीकला गुलाबी. अक्का बाजूला बसून कुणाची वाटी पोचट आहे ते सांगत होती. मध्येच मेघाला आठवलं. चिमटीचंही वजन करू म्हणाली. अक्काने अंगठा आणि तर्जनी जुळवून काट्यावर चिमूट सोडली. काट्यावर शून्य होतं, ते शून्यच राहिलं. मेघाने काटा बंद करून पुन्हा लावला, पुन्हा चिमूट टाकायला लावली. शून्य. बायका हसल्या. अक्काही हसली, म्हणाली की बघा, इतकी वर्षं फुकट टाकत होते. पण हसता हसताच तिच्या मनात आलं. दोन रेघांची वाटी आता घराघरात गेली होती, आणि ती आपणच दिली होती. पुढच्या होळीला कडी कुणी कशाला वाजवेल.

रत्नाची कडी मात्र वाजली. अक्का गेली. मयुरी आदल्याच दिवशी धुळ्याहून आली होती, हिरवा चुडा सावरत चुलीशी बसली होती. आधण आलं. रत्नाने वाटी पुढे केली, लाल रेघेपर्यंत जाडं मीठ भरून, वर बोट फिरवून. अक्काने ह्या खेपेला पहिल्यांदा मिठाकडे पाहिलं, दोन खडे जिभेवर ठेवले, आणि वाटी रत्नाला परत दिली. तूच टाक, म्हणाली, तुझी लेक आहे, तुझा डबा आहे. रत्नाने अडखळत वाटी रिकामी केली. अक्का मागे सरून भिंतीला टेकून बसली. हळदीच्या वेळी जशी सरते तशीच सरली. बरं झालं, तिने स्वतःला सांगितलं, माझ्यामागे कुणाचं अडायला नको. आणि तिला बरं वाटत नव्हतं.

घाटा घोटून झाला. झाकण काढलं तशी वाफ वर गेली, तिळाचा आणि लसणाचा वास अंगणभर पसरला. रत्ना आणि भिकुबाई फडक्यांनी पातेल्याचे काठ धरून उभ्या राहिल्या. अक्का वाट बघत होती की पातेलं उतरेल. ते उतरत नव्हतं. घाटा बुडबुड करत होता, मयुरीने लाकूड मागे ओढलं, आणि सगळ्या जणी तशाच थांबल्या होत्या. खाली लागेल ना, अक्का म्हणणार होती, तेवढ्यात तिला दिसलं की सगळ्या तिच्याकडेच बघताहेत.

"अक्का," रत्ना म्हणाली, "चिमूट राहिनी ना."

अक्का म्हणाली की त्या चिमटीत काही नसतं, काट्याने दाखवलं की. ह्यावर मेघा, जिच्या काट्याने ते दाखवलं होतं, मिठाचं भांडं घेऊन तिच्यासमोर वाकली.

"म्हणूनच, आई. तिची वाटी नाही निघाली माझ्याकडे."

अक्का भिंतीचा आधार घेऊन उठली. उजवा हात भांड्यात घातला. तीन बोटं अर्ध्यावरच थांबली, थांबू दिली. अंगठा आणि तर्जनी मात्र नीट जुळली. तिने उजेडात, सगळ्यांसमोर, सावकाश चिमूट सोडली, आणि मगच पातेलं उतरलं. घाटा अळणी लागला. बायकांनी एकमेकींकडे बघून समाधानाने माना हलवल्या.

आखाजीच्या आदल्या दुपारी समोरून तळणीचा वास आला. अक्का ओट्यावर होती. मयुरी रस्ता ओलांडून आली, हातात ताटली, वर रुमाल. अक्काने रुमाल काढला, बिबड्याचा कोपरा दोन बोटांनी मोडला, तोंडात टाकला, आणि बराच वेळ चावत राहिली. मयुरी जीव मुठीत धरून उभी होती. मग अक्का म्हणाली की तीळ जरा जास्त पडलेत, आणि ताटली मांडीवर ओढून घेतली.